८७ मॅच, ६४ ट्राय आणि पगार काहीच नाही

शेन विल्यम्स हे नाव रग्बी बघणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. वेल्सचा (ब्रिटनमधला छोटा देश) विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा, उंचीला कमी, पण एकदा सुटला की अडवणारे नुसते हात पसरून बघत बसायचे, २००८ ला जगातला वर्षाचा बेस्ट खेळाडू झालेला. वेल्सकडून ८७ मॅच खेळला आणि ५८ ट्राय मारले (फुटबॉलच्या गोलासारखं समजा, नीट पुढं सांगते), वेल्सच्या पुरुषांमध्ये एवढे कुणाचेच नाहीत. आता दुसरं नाव घ्या, नॉन एव्हान्स. ही पण वेल्सची, ही पण विंगला नाहीतर फुलबॅकला खेळायची, हिच्या पण मॅच बरोबर ८७. ट्राय ६४.

सहा जास्त. मला माहितीय की पुरुषांच्या आणि बायकांच्या मॅच एकाच तराजूत टाकता येत नाहीत, समोरच्या टीम वेगळ्या, काळ वेगळा, तरी पण हा आकडा वाचल्यावर मी फोन खाली ठेवला आणि परत उचलून परत वाचला. कारण शेन विल्यम्स प्रोफेशनल होता, खेळायचे पैसे मिळायचे त्याला. नॉन एव्हान्सच्या काळात वेल्सच्या मुलींना खेळायचा पगार नव्हता. आणि त्याहून भारी गोष्ट अशी की रग्बी हा तिच्या चार खेळांपैकी एक खेळ होता. चार म्हणजे हौसेचे चार नाही हं, चारही खेळात देशाकडून खेळलेली बाई आहे ही. रग्बी, ज्युदो, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती.

सोलापुरात बसून मी हे का वाचत होते ते सांगते. ताईची मुलगी, आमची चिऊ, आठवीत आहे, जुळे सोलापुरात राहतात ते. ती कबड्डी खेळते आणि ज्युदो पण करते, आणि दोन्हीत बरी आहे, म्हणजे लय काही तोफ नाही पण बरी आहे. शाळेतनं निरोप आला की एक काय ते ठरवा. एक ना धड भाराभर चिंध्या होतील म्हणे. त्यावरनं रविवारी जेवताना घरात चर्चा पेटली. दाजी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, माणूस एकदम सरळ, ते म्हणले, "हे बघ, दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधी पडतंय. कबड्डी धर म्हणावं. कबड्डीला नाव आहे, टीव्हीवर दिसतंय." ताई म्हणली ज्युदो बरं, पोरीला स्वतःचं रक्षण करता येतं. चिऊला कुणी विचारलंच नाही, ती कडक भाकरीचा तुकडा शेंगा चटणीत बुडवून गप खात बसलेली. मी त्या रात्री "दोन खेळ खेळणाऱ्या महिला खेळाडू" असं काहीतरी सर्च करत बसले आणि तिथनं ही बाई सापडली.

दाजींचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडं खेळाचा हिशोब सर्टिफिकेटवर चालतो. राज्याला, नॅशनलला खेळलं की दहावीला सवलतीचे गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. सगळं कुठल्या लेव्हलपर्यंत पोचलात त्यावर. दोन खेळात जिल्ह्यापर्यंत जाण्यापेक्षा एकात राज्यापर्यंत गेलेलं परवडतं, हे साधं गणित आहे आणि कारखान्यात दिवसभर नग मोजणाऱ्या माणसाला ते पटकन कळतंय. मी स्वतः शाळेत असताना खो-खो सोडून बाकी काही करायचं नाही असंच ऐकत मोठी झाले आणि मग दहावीला तो पण सुटला, ते असू दे.

तर नॉन एव्हान्स. जन्म १९७४ चा. वेल्सकडून पहिली मॅच १९९६ ला आणि खेळली थेट २०१० पर्यंत. वेल्स म्हणजे केवढं, तर लोकसंख्या तीस लाखाच्या आसपास, आपला सोलापूर जिल्हाच त्यापेक्षा मोठा आहे माणसांच्या हिशोबानं. पण रग्बी तिथं श्वास घेतल्यासारखी. पुरुषांची रग्बी, असं म्हणायला पायजे. बायकांच्या टीमनं पहिली इंटरनॅशनल मॅच खेळली १९८७ मध्ये, पाँटीपूलला, इंग्लंडविरुद्ध, आणि हरल्या २२-४ नं. तिथनं पुढं इंग्लंडला हरवायला किती वर्षं लागली ते पुढं सांगते.

ज्यांना रग्बी माहिती नाही त्यांच्यासाठी पटकन. एका बाजूला पंधरा जण, मॅच ८० मिनिटांची, बॉल हातात घेऊन पळायचं, पास द्यायचा तर फक्त मागं, पुढं टाकायचा नाही. समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं, त्याला टॅकल म्हणतात. पलीकडच्या टोकाला जाऊन बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, पाच पॉइंट. फाउल झाला आणि दोन खांबांच्या मधनं किक मारून घातला की तीन. फुलबॅक म्हणजे शेवटचा माणूस, सगळे चुकले की हा एकटा उरतो. एवढं पुरे.

आता यात ज्युदोचा आणि कुस्तीचा काय संबंध, असं चिऊच्या सरांना वाटेल. मला पण वाटलं होतं. म्हणून मी वेल्सच्या मुलींच्या मॅचची एक क्लिप आमच्या ओळखीतल्या एका वस्तादांना दाखवली, वय झालंय त्यांचं, पण अजून पोरांना पहाटे तालमीत शिकवतात, आता मुली पण येतात त्यांच्याकडं मॅटवर. त्यांना रग्बी म्हणजे काय हे माहिती नाही आणि त्यांना घेणं पण नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्याजवळ नेला, एक टॅकल बघितली आणि म्हणले, "हा पट हाय की." पट म्हणजे पाय धरून पाडायचा कुस्तीतला डाव. मग परत मागं घ्यायला लावली. "डोकं बघ कुठं ठेवलंय तिनं. पळणारीच्या पाठीमागच्या बाजूला. पुढनं घातलं असतं तर गुडघा बसला असता कानशिलात. शिकवलेली पोरगी हाय ही." मग त्यांनी तिथल्याच एका पोराला उभं करून मला दाखवलं, खांदा मांडीला कसा लावायचा, दोन्ही हात मागनं कसे बांधायचे, आणि जोर हातात नाही, पायात पायजे, जमिनीवरनं उठला पायजे. ते पोरगं बिचारं दोनदा माझ्यासमोर आडवं झालं. रग्बीचे कोच टॅकल शिकवताना जवळजवळ हेच सांगतात, डोकं सुरक्षित बाजूला, खांदा घट्ट, पाय चालू ठेवायचे.

ज्युदोचं तर अजून सोपं आहे. ज्युदोत पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतात, हनुवटी छातीला, हात मॅटवर आपटून पडायचं म्हणजे धक्का पसरतो. चिऊनं आमच्या सोफ्यावरनं हे इतक्या वेळा करून दाखवलंय की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन गेल्या. आता ८० मिनिटात पन्नास वेळा कुणीतरी तुम्हाला पाडणार असेल तर नीट पडता येणं हे केवढं मोठं भांडवल आहे बघा. आणि वेटलिफ्टिंगनं काय होतं, तर मांड्या आणि कंबर. स्नॅच किंवा क्लीन अँड जर्क (वजन डोक्यावर उचलायचे दोन प्रकार) मारताना वजन हातात दिसतं पण ते वर जातं पायांच्या झटक्यावर. जी पोरगी तो झटका शिकली ती पहिल्या पाच पावलात सुटते, आणि विंगरला पहिली पाच पावलंच कामाची असतात, पुढचं मोकळं मैदान असतं.

म्हणजे चिंध्या नाहीत ओ त्या. एकाच कापडाचे तुकडे आहेत.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर कळली. कॉमनवेल्थ गेम्स हे वेल्सच्या खेळाडूसाठी फार मोठं, कारण ऑलिम्पिकला ब्रिटन म्हणून जावं लागतं, कॉमनवेल्थला वेल्स म्हणून जाता येतं, स्वतःचा झेंडा घेऊन. तर तिथं पुरुषांची सेव्हन्स रग्बी, म्हणजे सात-सात जणांची, आली १९९८ ला. बायकांची कधी आली? २०१८ ला. वीस वर्षांनी. म्हणजे नॉन एव्हान्सची अख्खी करिअर संपली तरी तिच्या मुख्य खेळाला त्या दारातनं आत घेतलं नव्हतं. मग तिनं काय केलं, तर जे दार उघडं दिसेल त्यातनं ती आत गेली. २००२ ला मँचेस्टरला ज्युदो होतं आणि बायकांचं वेटलिफ्टिंग त्याच वर्षी पहिल्यांदा घेतलं होतं, ज्यात आपल्या भारताच्या मुलींनी पदकांची लूट केली, आठवत असेल कुणाला तर. नॉन एव्हान्स दोन्हीत उतरली. एकाच कॉमनवेल्थमध्ये दोन वेगळ्या खेळात खेळणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. पुढं २०१० ला ज्युदो यादीत नव्हतंच. पण बायकांची कुस्ती त्या वर्षी पहिल्यांदा आली. आणि ती कुस्तीत आली.

२०१० म्हणजे कुठं? दिल्ली!

हे वाचून मी खरंच मोठ्यानं "आई शप्पथ" म्हणले. दिल्ली कॉमनवेल्थ आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. गीता फोगाटनं ५५ किलोमध्ये गोल्ड मारलं तेव्हा आमच्या गल्लीत फटाके नाही वाजले पण चहाच्या टपरीवर दोन दिवस तोच विषय होता, अलका तोमरनं ५९ मध्ये मारलं, अनितानं ६७ मध्ये. आणि त्याच हॉलमध्ये, त्याच मॅटवर, वेल्सची एक ३६ वर्षांची रग्बीवाली कुस्ती खेळायला आलेली होती, जी महिनाभर आधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंग्लंडला रग्बीचा वर्ल्डकप खेळून निवृत्त झालेली. छत्तीस! आमच्याकडं छत्तिसाव्या वर्षी बाईनं सकाळी पार्क स्टेडियमला चार राउंड मारले तरी शेजारी विचारतात, काय हो, डॉक्टरनं सांगितलंय का.

आता इंग्लंडचं. १९८७ ला पहिली मॅच हरल्यापासनं वेल्सच्या मुली इंग्लंडकडून हरतच होत्या, एक पण मॅच जिंकली नव्हती. २००९ चा फेब्रुवारी, सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा, कार्डिफच्या वरच्या अंगाला टॅफ्स वेल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या क्लबच्या मैदानावर मॅच. मोठं स्टेडियम वगैरे काही नाही, गावचं ग्राउंड. शेवटचं मिनिट, वेल्स १३, इंग्लंड १५. वेल्सला पेनल्टी मिळाली, म्हणजे ती फाउलची तीन पॉइंटची किक. किक मारायला नॉन एव्हान्स.

इथं जरा थांबते, कारण किक म्हणजे काय हे लोकांना फार सोपं वाटतं. बाकी सगळ्या रग्बीत तुम्ही चौदा जणींबरोबर असता, चुकलं तर शेजारची सावरते. किक मारताना बॉल टीवर, म्हणजे छोट्या स्टँडवर, ठेवायचा, मागं यायचं, आणि सगळं मैदान गप. ज्या बाईचे पाय ८० मिनिटं धावून आणि पडून थकलेत तिनं त्याच पायानं आता नेम धरायचा. आणि मागं बावीस वर्षांचा हिशोब उभा. तिनं मारली, खांबांच्या मधनं गेली, १६-१५. वेल्सच्या मुलींनी इंग्लंडला पहिल्यांदा हरवलं. त्या सीझनला स्कॉटलंड आणि आयर्लंडला पण हरवून ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे या तिन्ही शेजाऱ्यांना एकाच सीझनला हरवल्याचा मान, तो पण पहिलाच. ट्रॉफी मात्र इंग्लंडच घेऊन गेली, पॉइंटच्या फरकावर. त्याचं मला अजून वाईट वाटतंय, खरं तर माझं काही देणंघेणं नाही त्यात.

आणि मॅच झाल्यावर आपापल्या नोकऱ्या. हे मी मुद्दाम सांगतेय कारण "इंटरनॅशनल खेळाडू" म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर गाडी, जाहिरात, करार असं काहीतरी येतं. बायकांच्या रग्बीचा पहिला वर्ल्डकप १९९१ ला वेल्समध्येच झाला, कार्डिफला फायनल, तेव्हा सोव्हिएत युनियनची टीम खिशात पैसे नसताना आली आणि बरोबर आणलेली व्होडका, कॅव्हियार, बाहुल्या विकून खर्च भागवायला निघाली, आपल्या गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल टाकावा तसं. वर्ल्डकपला आलेल्या टीमनं! वेल्सच्या मुलींना पहिल्यांदा फुल टाइम करार मिळाले ते जानेवारी २०२२ मध्ये, आणि ते पण सुरुवातीला फक्त बारा जणींना. म्हणजे नॉन एव्हान्स निवृत्त होऊन अकरावं वर्ष संपलं तेव्हा.

त्यानंतर सगळं गोड झालं असं पण नाही. २०२४ ला नव्या करारांवरनं मोठी भांडणं झाली, ठरावीक वेळेत सह्या करा नाहीतर पुढच्या स्पर्धांना मुकाल अशा धाटणीचा दम मुलींना दिला गेला हे बाहेर आलं आणि वेल्सच्या रग्बी युनियनला जाहीर माफी मागावी लागली. २०२५ च्या वर्ल्डकपला वेल्स तिन्ही मॅच हरलं, स्कॉटलंडकडून, कॅनडाकडून आणि शेवटी फिजीकडून पण, तीन पॉइंटनं. त्याच वर्षी एप्रिल-मार्चच्या सुमारास इंग्लंडविरुद्धची मॅच कार्डिफच्या मोठ्या स्टेडियमला ठेवली तर २१ हजारावर लोक आले बघायला, आणि इंग्लंडनं ६७-१२ नं धुतलं. लोक आले, पैसे आले, टीम मात्र मागं गेली. काय म्हणायचं याला. पैसा आला की खेळ आपोआप सुधारतो असं मला वाटायचं, पण इंग्लंडनं पैसे कितीतरी आधी घातलेत, आणि पळणारीला गाठायला निघालात तर ती काय थांबून राहत नाही.

दारं मात्र उघडत गेली, हे खरं. जॅस्मिन जॉइस म्हणून विंगर आहे वेल्सची, १९९५ चा जन्म. बायकांची रग्बी ऑलिम्पिकला आली २०१६ ला, रिओला, ती ब्रिटनच्या टीममध्ये होती, मग टोकियो, मग पॅरिस. तीन ऑलिम्पिक. तिला आत जायला ज्युदोच्या दारातनं जावं लागलं नाही.

आपल्याकडचं पण सांगते, कारण दाजींनी तेच विचारलं, "इथं कोण खेळतंय ते?" खेळतात दाजी. भारताच्या मुलींची पंधरा जणींची टीम २०१८ ला पहिल्यांदा उतरली, सिंगापूरला, आणि २०१९ ला मनिलामध्ये सिंगापूरलाच २१-१९ नं हरवून पहिली मॅच जिंकली. कॅप्टन कोण होती, तर वाहबिझ भरूचा, पुण्याची, फिजिओथेरपिस्ट. ती पण नोकरी-धंदा सांभाळूनच. टीममध्ये ओडिशाच्या मुली भरपूर. पुणे इथनं सिद्धेश्वर एक्सप्रेसनं चार-पाच तासांवर आहे, चंद्रावर नाही. दाजी म्हणले, "पुण्याला पाठवणार का आता पोरीला?" तसं काही माझ्या डोक्यात नव्हतं, पण ताईनं मात्र वाटीतली आमटी ढवळत माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला.

चिऊला मी नॉन एव्हान्सचं सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "मावशी, तिला अभ्यास नव्हता का?" दुसरा प्रश्न, "कुस्तीत मेडल मिळालं का तिला?" मी म्हणले मेडलसाठी नाव घेत नाही कुणी तिचं कुस्तीत, रग्बीसाठी घेतात, आणि राणीनं एमबीई, म्हणजे तिकडचा सरकारी किताब, दिली म्हणून घेतात. त्यावर ती म्हणली मग गेली कशाला कुस्तीत. मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग म्हणले, जायला मिळालं म्हणून गेली. हे तिला का कोण जाणे एकदम पटलं, दाजींना अजिबात पटलं नाही. ते म्हणले जायला मिळतंय म्हणून मी पण उद्या विमानात बसतो.

सध्याची परिस्थिती अशी आहे की ज्युदो सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि कबड्डी उरलेले तीन दिवस, असं तात्पुरतं ठरलंय, सहामाहीच्या मार्कांवर पुढचं. सरांना दाजी स्वतः जाऊन भेटणार आहेत, म्हणजे अजून गेलेले नाहीत. जिल्ह्याच्या दोन्ही स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर काय करायचं यावर घरात अजून कुणीच बोलत नाही, मी पण नाही.

आणि हो, सोलापुरात किंवा पंढरपूर, बार्शी, अकलूजकडं कुठं मुली रग्बी खेळत असतील, नुसतं शनिवार-रविवार बॉल घेऊन पळत असतील तरी, तर खाली लिहा. कोण शिकवतंय आणि बूट कुठले लागतात एवढं तरी सांगा. फोन करू नका प्लीज, मार्चएंड चालू आहे, बँकेत उचलता येत नाही.